जिभेला हाड नाही

‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ असे आपण कोणाला म्हणतो? जो विचार न करता वाटेल ते बोलतो, त्याला. अशा माणसाविषयी घरातील वडीलधारी मंडळी आणखी एक वाक्य जोडतात, “त्याच्या जिभेला काही हाड आहे का?” ह्या दोन्ही बोलण्यांत जिभेची निंदा आहे. जीभ उचलून टाळ्याला लावणे हे जणू जगातील सर्वांत सोपे काम, आणि हाड नसणे हा जणू तिचा मोठा दोष! शरीरशास्त्र जाणणाऱ्याला मात्र ही निंदा ऐकून हसू येईल. जीभ उचलून टाळ्याच्या नेमक्या जागी टेकवणे हे फार नाजूक काम आहे. आणि ते तिला साधते, ते तिच्यात हाड नाही म्हणूनच.

आपला हात पाहा. तो कोपरात वाकतो, मनगटात वाकतो. कोपर आणि मनगट ह्यांच्या मधोमध तो वाकवू म्हटले तर वाकत नाही. जेथे दोन हाडांचा सांधा असेल तेथेच वाकायचे, असे बंधन हाताला आहे. जिभेला असे बंधन नाही. ती शेंड्याशी वळते, मधे फुगते, मुळाशी उचलली जाते, कडांनी दुमडते, लांब होते, रुंद होते. आरसा समोर धरून थोडा वेळ तिच्या हालचाली करून पाहा, म्हणजे तिची किती रूपे होतात ते कळेल.

येथे एक कोडे उभे राहते. कोणत्याही स्नायूला स्वतःच्या बळाने एकच गोष्ट करता येते. ती म्हणजे आखडणे. स्नायू आखडून आखूड होतो, मग सैल पडतो. स्वतःहून लांब होणे त्याला येत नाही. हाताचे स्नायू आखडून हाडे ओढतात, म्हणून हात हलतो. मग जिच्या आत ओढायला हाडच नाही, ती जीभ लांब होऊन तोंडाबाहेर कशी येते?

ह्या कोड्याचे उत्तर स्वयंपाकघरात सापडते. आई पोळीसाठी कणकेचा गोळा घेते. तो दोन तळव्यांमध्ये वळला, की बारीक होतो आणि बारीक होता होता लांबतो. तोच वरून दाबला, की चपटा होतो आणि चारी बाजूंना पसरतो. कणीक तेवढीच राहते. एका दिशेने दाबली, की ती दुसऱ्या दिशेने वाट काढते. जिभेचेही असेच आहे. स्नायूंत पाणी पुष्कळ असते, आणि पाणी दाबून लहान करता येत नाही. जिभेत काही तंतू एका कडेपासून दुसऱ्या कडेकडे आडवे जातात, काही वरून खाली उभे जातात, तर काही मुळापासून शेंड्यापर्यंत लांबीच्या दिशेने जातात. आडवे तंतू आखडले, की जीभ अरुंद होते आणि पुढे लांबते. उभे तंतू आखडले, की ती चपटी व रुंद होते. लांबीचे तंतू आखडले, की ती आखूड आणि जाड होते. त्यांतील वरच्या थराचेच आखडले तर शेंडा वर वळतो, खालच्या थराचेच आखडले तर तो खाली वळतो. हत्तीची सोंड आणि अष्टपाद नावाच्या सागरी प्राण्याचे हात ह्यांतही हाड नसते, आणि तेही ह्याच युक्तीने चालतात. विल्यम किअर व कॅथलीन स्मिथ ह्या प्राणिशास्त्रज्ञांनी १९८५ साली जीभ, सोंड आणि हे हात ह्या तिघांचा एकत्र विचार करून त्यांमागील तत्त्व एकच आहे, हे दाखवून दिले.

जिभेच्या स्नायूंच्या आठ जोड्या मानतात. त्यांतील चार जोड्या जिभेच्या आतच सुरू होतात आणि आतच संपतात. आताच सांगितलेले तंतू ते हेच. उरलेल्या चार जोड्या बाहेरून येऊन जिभेत शिरतात : एक हनुवटीच्या हाडाच्या आतील बाजूने, एक गळ्यातील कंठिकास्थीपासून, एक कानाखालच्या काट्यासारख्या हाडापासून आणि एक मऊ टाळूपासून. कंठिकास्थी हे मोठे विलक्षण हाड आहे. घोड्याच्या नालासारखे दिसणारे हे हाड दुसऱ्या कोणत्याही हाडाला जोडलेले नाही. स्नायू आणि दोऱ्यांसारखे बंध ह्यांच्या आधारावर ते गळ्यात टांगल्यासारखे असते. बाहेरून येणारे स्नायू जिभेला जागेवरून हलवतात, आणि आतले स्नायू तिला आकार देतात.

जिभेच्या दोन्ही कडा वर वळवून तिची पन्हळ करता येते का, हे वर्गात एकमेकांना विचारा. काहींना ती सहज जमेल, काहींना मुळीच जमणार नाही. ही कला केवळ आईवडिलांकडून रक्तातून येते, असे आल्फ्रेड स्टर्टिव्हंट ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४० साली म्हटले, आणि ते पुस्तकांतून सर्वत्र पसरले. पुढे १९५२ साली एकसारख्या जुळ्या भावंडांच्या ३३ जोड्या तपासण्यात आल्या, तेव्हा ७ जोड्यांत एकाला पन्हळ जमते आणि दुसऱ्याला जमत नाही, असे आढळले. एकसारख्या जुळ्यांत जन्मतः मिळालेले गुण सारखेच असतात. तेव्हा गोष्ट दिसते तितकी सरळ नाही, हे उघड झाले.

आजारी पडल्यावर डॉक्टर “जीभ दाखवा” म्हणतात. ती कोरडी आहे काय, पांढरी झाली आहे काय, हे ते पाहतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. पण कित्येकदा ते आणखी एक गोष्ट पाहत असतात, ती म्हणजे जीभ सरळ बाहेर येते की एका बाजूला वळते. हनुवटीपासून येणारे दोन स्नायू जिभेला बैलजोडीप्रमाणे पुढे नेतात. गाडीचा डावा बैल थकून मागे पडला, की उजवा पुढे सरकतो आणि गाडी डावीकडे वळते. त्याचप्रमाणे डावीकडील स्नायूला मज्जातंतूची आज्ञा पोचेनाशी झाली, की बाहेर काढलेली जीभ डावीकडे झुकते. एवढ्या लहानशा खुणेवरून डॉक्टरांना मेंदूत किंवा मज्जातंतूत काही बिघाड आहे काय, ह्याचा सुगावा लागू शकतो.

हाच हनुवटीकडचा स्नायू जागेपणी थोडासा ताणलेला असतो आणि जिभेचे मूळ घशापासून दूर ठेवतो. झोपेत तो सैलावतो; उताणे झोपलेल्या माणसाची जीभ किंचित मागे सरते, आणि पुष्कळांच्या घोरण्याचे ते एक कारण असते. परंतु माणूस बेशुद्ध पडला, की हा स्नायू अगदीच ढिला होतो. मग उताण्या पडलेल्या माणसाच्या जिभेचे मूळ मागे पडून घशातील हवेची वाट अडवू शकते. जखम लहान असते, हृदय चालू असते. तरी केवळ वाट अडल्यामुळे माणूस गुदमरतो. म्हणून बेशुद्ध माणसाचा श्वास चालू असेल तर त्याला उताणे न ठेवता कुशीवर वळवतात. मग जीभ घशाकडे पडत नाही, आणि तोंडात लाळ वा उलटी असेल तर तीही बाहेर वाहून जाते. डॉक्टर हनुवटी वर उचलून धरतात, त्याचेही कारण हेच. जीभ हनुवटीला बांधलेली आहे. हनुवटी उचलली, की जीभ तिच्या पाठोपाठ वर येते.

आपल्याकडे कोणी बेशुद्ध पडला, की भोवती गर्दी जमते आणि कोणीतरी धावत जाऊन तांब्याभर पाणी आणून त्याच्या तोंडात ओतू लागतो. हेतू चांगला असला तरी कृती घातक आहे. ज्याची जीभ काम करीत नाही त्याला गिळता येत नाही, आणि ते पाणी श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. फेफरे आलेल्या माणसाच्या दातांत चमचा घालण्याची रीतही अशीच चुकीची आहे. तो जीभ गिळून टाकील, अशी लोकांना भीती वाटते; पण मुळाशी पक्की बांधलेली जीभ कोणालाही गिळता येत नाही. चमच्याने दात मात्र तुटतात. अशा वेळी जवळपासच्या टणक वस्तू दूर साराव्या, त्याच्या डोक्याखाली काही मऊ ठेवावे, झटके ओसरले की त्याला कुशीवर वळवावे, आणि तुमच्यासारख्या मुलांनी लगेच मोठ्या माणसांना बोलवावे. महाराष्ट्रात १०८ ह्या क्रमांकावर दूरध्वनी केला, की रुग्णवाहिका येते.

आता आपल्या नेहमीच्या घासाकडे वळू. दात चावतात हे खरे, पण दातांच्या खाली घास सरकवते कोण? जीभ. ती घास डावीकडून उजवीकडे ढकलते, गालाकडे गेलेला कण परत आणते, लाळ मिसळून त्याची गोळी करते, आणि हे सारे करताना चावणाऱ्या दातांमधून स्वतःला वाचवते. एखादे वेळी ती दातांखाली सापडते, तेव्हा आपण कळवळतो. पण दिवसातून किती वेळा ती निसटते ह्याचा हिशेब आपण ठेवत नाही. गोळी तयार झाली, की जीभ शेंड्यापासून मुळाकडे लाटेप्रमाणे टाळ्यावर दाबली जाते आणि घास मागे सरकतो. त्याच क्षणी मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो, घशातील स्वरयंत्र वर येते आणि श्वासनलिकेच्या तोंडावर एक पातळ झाकण येते. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळा. आत काहीतरी वर जाऊन खाली आलेले जाणवेल. आता तोंड उघडे ठेवून, जीभ बाहेर काढून, तसाच आवंढा गिळून पाहा. टाळ्याचा आधार मिळाला नाही, की जिभेची किती अडचण होते, हे तुमचे तुम्हांलाच कळेल. जेवताना हसू आले तर ठसका का लागतो, तेही ह्यावरून समजेल. हसायला श्वासाची वाट उघडी लागते, आणि गिळायला ती बंद लागते.

जिभेच्या चवीसंबंधी पुष्कळ पुस्तकांत एक नकाशा छापलेला असे : शेंड्याला गोड कळते, कडांना खारट आणि आंबट, मागे कडू. हा नकाशा खोटा आहे. हेनिग ह्या जर्मन अभ्यासकाने १९०१ साली जिभेच्या निरनिराळ्या भागांना चव कळण्यात थोडाथोडा फरक आहे, एवढेच लिहिले होते. १९४२ साली अमेरिकेत एडविन बोरिंग ह्यांच्या ग्रंथात तो फरक आलेखात असा काही दाखवला गेला, की एका भागाला एकच चव कळते अशी लोकांची समजूत झाली. १९७४ साली व्हर्जिनिया कॉलिंग्ज ह्यांनी पुन्हा प्रयोग केले, तेव्हा फरक अगदी किरकोळ असल्याचे दिसले. विद्वानांनी एवढा काळ घेतला. तुम्ही मात्र मिठाचा एक खडा जिभेच्या शेंड्यावर ठेवून क्षणात निर्णय करू शकता. गोड, आंबट, खारट, कडू ह्यांच्या जोडीला ‘उमामी’ नावाची पाचवी चव आहे, हे किकुने इकेदा ह्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली सांगितले. समुद्रशेवाळाच्या कढणात ती त्यांना सापडली. आपण तिखटाला चव म्हणतो. पण शास्त्राच्या भाषेत ती जळजळ आहे, रुची नव्हे.

खाणे सर्व प्राण्यांना आहे. बोलणे माणसाचे आहे, आणि जिभेचे खरे कौशल्य तेथे पणाला लागते. साधे बोलताना आपण एका सेकंदात दहा-पंधरा ध्वनी उच्चारतो, आणि त्यांतील बहुतेकांसाठी जिभेला आपली जागा किंवा आकार बदलावा लागतो.

क, च, ट, त, प हे पाच वर्ण सावकाश म्हणा, आणि प्रत्येक वेळी जीभ कोठे लागते इकडे लक्ष द्या. ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला लागतो. ‘च’ला तिचा मधला भाग कठीण टाळूला भिडतो. ‘ट’ला शेंडा वर वळून टाळ्याला टेकतो. ‘त’ला शेंडा वरच्या दातांच्या मागे येतो. ‘प’ला जीभ स्वस्थ असते आणि ओठ मिटतात. म्हणजे घशाकडून ओठांकडे आपण एक एक पायरी पुढे आलो! पहिलीत पाठ केलेली वर्णमाला हा तोंडाचा नकाशाच आहे. इंग्रजी मुळाक्षरांत ‘ए’नंतर ‘बी’ का, ह्याला उच्चाराच्या दृष्टीने काही कारण सांगता येणार नाही. पण ‘क’नंतर ‘च’ का, ह्याचे कारण प्रत्येकाच्या तोंडात आहे.

हा नकाशा आपल्या प्राचीन वैयाकरणांनी आखला. वेदांचे पठण मुखोद्गत चाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या उच्चार बिघडू नये म्हणून प्रत्येक वर्णाचे स्थान आणि प्रयत्न ह्यांचा त्यांनी बारीक विचार केला. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही नावे त्यांचीच. ज्या वर्णांचे मुखातील स्थान आणि प्रयत्न सारखे ते सवर्ण, असे पाणिनीने आपल्या ‘अष्टाध्यायी’त म्हटले आहे. त्यांच्यापाशी क्ष-किरण नव्हते. स्वतःचे तोंड हीच त्यांची प्रयोगशाळा होती. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपात अभ्यासकांनी टाळ्याला एक प्रकारचा लेप लावून वर्ण उच्चारायचा आणि लेप कोठे पुसला गेला ते पाहायचे, अशी युक्ती काढली. आज यंत्राने बोलत्या जिभेची हलती चित्रे घेता येतात. त्यांत दिसणाऱ्या गोष्टी जुन्या वर्गीकरणाशी पुष्कळशा जुळतात. ‘क’ला कंठ्य म्हणण्याऐवजी मृदुतालव्य म्हणावे, एवढी दुरुस्ती आजचे अभ्यासक सुचवतात, आणि माझ्या मते ती योग्य आहे.

आपल्या मराठीतच किती बारकावे आहेत पाहा. ‘चार चाकांची गाडी’ हे शब्द म्हणा. ‘चार’मधील ‘च’ टाळ्याला लागतो. ‘चाका’मधील ‘च’ दातांपाशी उतरतो. आणि लगेच ‘ची’ म्हणताना जीभ पुन्हा टाळ्याला जाते. लिहिताना अक्षर एकच, पण जिभेच्या जागा दोन. ‘माझा’ आणि ‘माझी’ ह्यांतील ‘झ’ही असाच जागा बदलतो. ‘ई’ आणि ‘ए’ उच्चारताना जीभ मुळातच टाळ्याकडे उचललेली असते, म्हणून शेजारचा ‘च’ किंवा ‘झ’ही तिकडेच ओढला जातो. ‘आ’ म्हणताना ती खाली पसरते. घसा पाहताना डॉक्टर “आ करा” म्हणतात, ते ह्यासाठी.

‘वात’ आणि ‘वाट’, ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘माल’ आणि ‘माळ’ ह्या जोड्यांतील अंतर जिभेच्या शेंड्याने किती सरकावे, एवढेच आहे. बोटाच्या रुंदीएवढेही ते नाही. पण तेवढ्याने अर्थ पालटतो. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. म्हणून लोकमान्य टिळकांचे नाव हिंदीत ‘तिलक’ असे लिहितात. एका नावात जिभेने दोनदा जागा बदलली! इंग्रजीतील ‘टी’चा उच्चार आपल्या ‘त’ आणि ‘ट’ ह्यांच्या मधल्या ठिकाणी होतो. आपण तो ‘ट’ने लिहितो, आणि इंग्रजांना आपले ‘त’ व ‘ट’ ऐकून वेगळे ओळखणे जड जाते.

कानांची ही अडचण जन्मतः नसते, हे विशेष. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस ह्या कॅनडातील संशोधकांनी १९८४ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ ह्यांतील फरक ऐकून कळे. तीच शक्ती वर्ष भरता भरता बरीच मावळे, कारण घरात तो फरक कोणी करीतच नसे. हिंदी बोलणाऱ्या प्रौढांना तो फरक सहज कळे. म्हणजे पाळण्यातले बाळ ‘आई’ म्हणू लागण्यापूर्वीच, पुढे आपल्या जिभेला कोणत्या जागा शिकाव्या लागणार आहेत, हे कानांनी निवडू लागलेले असते.

कान लवकर तयार होतो. जीभ मागून येते. तीन वर्षांचे मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणते, कारण मागचा भाग उचलण्यापेक्षा शेंडा उचलणे त्याला सोपे वाटते. ‘र’ आणि ‘ळ’ तर काहींना फार उशिरा येतात, आणि तुमच्या वर्गातही एखाद्याचा ‘र’ अजून अडत असेल. त्याचा कान बहुधा ठीक असतो. दुसऱ्याने चुकीचा उच्चार केला तर तो त्याला अचूक पकडतो. जीभ तेवढी हवी त्या जागी पोचत नाही. वाचोपचारतज्ज्ञ अशा मुलाला आरशासमोर बसवतात, शेंडा कोठे टेकवायचा ते स्वतःच्या तोंडाने दाखवतात, आणि आधी नुसता वर्ण, मग शब्द, मग वाक्य असा सराव करून घेतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी एखाद्या दिवशी ‘राम’ हा शब्द अगदी स्वच्छ निघतो. तो ऐकून इतरांच्या आधी त्या मुलालाच नवल वाटते, आणि ते पुन्हा पुन्हा तोच शब्द म्हणत राहते.